तोंड वाकडं, सरपंच तीच

"भुवया वर करा," मी म्हणाले. शोभाताईंची डावी भुवई वर गेली. उजवीकडचं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. उजवा डोळा मिटेना, ओठ डावीकडं ओढलेला. मेंदूचा झटका असेल तर कपाळाला सहसा आठ्या पडतात. इथं उजवीकडं पडत नव्हत्या आणि हातपायही ठणठणीत होते. म्हणजे दुखणं चेहरा हलवणाऱ्या नसेचं होतं.

शोभाताई पिशोरजवळच्या एका गावच्या सरपंच. पण बोलत होते त्यांचे मिस्टर. हिला लकवा मारलाय, तीन महिने बोलता येणार नाही, असं सर्टिफिकेट द्या म्हणाले. परवा ग्रामसभा होती आणि तिथं सरपंचाच्या खुर्चीवर मिस्टरांना स्वतः बसायचं होतं. माझं टाळकंच सरकलं.

मी बीपीचा पट्टा बांधला. आकडा इतका वर की नर्सनं परत मोजलं, तरी तेवढाच. गोळी मागं चालू होती, ती मिस्टरांनीच बंद केलेली. एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाय, हे त्यांचं शास्त्र.

मी सांगितलं, बीपीमुळंच हे झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण मुरलेलं बीपी हा अशा लकव्याचा एक धोका आहे. शिवाय नसेची सूज उतरवायला स्टेरॉइड लागतं, त्यानं बीपी आणखी चढतं. तेव्हा बीपीची गोळी आजपासून, रोज.

"ते बघू हो. सर्टिफिकेटचं बोला, म्याडम."

"पेशंट या आहेत, यांनाच विचारते. ताई, सभेला जायचंय?"

प म्हणताना त्यांचे ओठ मिटत नव्हते. "सरफंच मी हाय," त्या म्हणाल्या. "तोंड वाकडं झालंय, डोकं नाय."

सर्टिफिकेट मी दिलं नाही. मिस्टर फणफणत बाहेर गेले, जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी बीपी उतरलेलं बघूनच सभेला परवानगी दिली. डोळ्यात ड्रॉप्स, वर काळा गॉगल.

पुढचं त्यांनीच सांगितलं. त्या बोलायला लागताच मागं खी-खी झाली. त्यांनी गॉगल काढला, म्हणाल्या, "नीट बघून घ्या. झालं का? आता पाण्याचं बोलू." मिस्टर सतरंजीवर बसले होते, बाकीच्यांत. ऐकून मला लई बरं वाटलं.

चेहरा हळूहळू सरळ झाला. तेव्हा मिस्टर विचारायला आले, आता तरी गोळी बंद करायची का? नाही. चेहरा बरा झालाय, बीपी नाही. बीपीची गोळी डॉक्टरशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये, सांगणारा सरपंचाचा नवरा असला तरी.