उपराणीची आई

रेगेन्सबर्गला दादाच्या वोनुंगमध्ये, म्हणजे जर्मन फ्लॅटमध्ये, दोनच खोल्या. वहिनीला सातवा महिना लागला होता आणि बाळंतपणाला कुठली आई असणार, हे माझ्या आईने पुण्याहून निघतानाच ठरवून टाकलं होतं. ती स्वतः. वहिनीला मात्र तिची आई हवी होती. दादाला माहीत होतं, मला माहीत होतं. 'अहो आईं'ना सांगणार कोण?

मी गार्चिंगला शिकते आणि उरलेल्या वेळात नवऱ्यामागे इथे आलेल्या बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटते. शनिवारी दादाकडे यावं, तर आई आणि वहिनी सोफ्यावर, मधे चिवडा, समोर चिनी राजवाड्याची मालिका. एक सम्राट आणि ढीगभर उपराण्या. माझं डोकंच फिरायचं.

"ही काय करमणूक आहे? कोवळ्या पोरी उचलून आणायच्या, त्यांना दर्जे लावायचे. दर्जाप्रमाणे रेशीम, दर्जाप्रमाणे कोळसा, मेणबत्त्यासुद्धा दर्जाप्रमाणे! आईबापांना भेटायचं तर सम्राटाची परवानगी. याला महाल नाही, तुरुंग म्हणतात!"

"बरं, सरक जरा, दिसत नाहीये," आई म्हणाली. "ती हिरव्या साडीतली कोण गं?"

"साडी नाही हो ती, अहो आई," वहिनी म्हणाली. "ती नवीन आलेली. खालच्या दर्जाची."

मी पेटलेच. नव्या पत्रकासाठी वाचलेलं सगळं ओतलं. "आणि मेहेरबानी बघा! पोट दिसलं की मगच बाई माणसात. शेवटच्या राजघराण्यात नियमच होता, उपराणी गरोदर राहिली की जेवण दीडपट, आणि तिच्या आईला महालात येऊन राहायची मुभा."

वहिनीचा हात चिवड्यात थांबला. "त्यांचीसुद्धा आई यायची?" तिने विचारलं.

आईने मालिका थांबवली. "तुला तुझी आई हवीय?"

वहिनीने खाली बघत मान डोलावली.

"मग तोंड शिवलं होतं का गं? मी काय सम्राट आहे?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" दादा स्वयंपाकघरातून ओरडला.

"तू गप रे. तुलाही जीभ होती की!"

"तुम्ही एवढ्या हौसेने आलात, अहो आई..."

"हौस माझी. पोट तुझं."

तिने तिथूनच विहीणबाईंना फोन लावला. "तुम्ही याच. मी? मी लेकीकडे जाते गार्चिंगला. ही जग सुधारते आणि फ्रीजमध्ये नुसती मोहरीच्या सॉसची ट्यूब."

विहीणबाईंनी व्हिसा गुपचूप काढूनच ठेवला होता. म्हणजे तिकडेही तोंड शिवलेलंच! पंधरवड्यात त्या डिंकाचे लाडू घेऊन उतरल्या.

आता आई माझ्या पलंगावर झोपते, मी खाली गादीवर. रात्री तिच्या हातचं गरम जेवते आणि तक्रार शोधूनही सापडत नाही. परवा वहिनीने फोनवर दाखवलं, तिची आई तिच्या डोक्याला तेल लावत होती.

"माझ्या हाताने जास्त मुरलं असतं," आई फोन ठेवल्यावर म्हणाली, आणि मला आणखी एक पोळी वाढली.