हरेशदादा दोनदा निरोप द्यायला आलेला

मी कॅनडाला निघालो त्या दुपारी हरेशदादा दोनदा आलेला. ठाण्यात, कोलशेतच्या आमच्या दोन खोल्यांत बॅगा बांधून ठेवलेल्या, आई दह्याची वाटी घेऊन उभी, आणि तो दारात. चहा घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कवा येशील रं परत?" मी म्हटलं, दोन वर्षांत. तो गेला. तासाभराने पुन्हा आला, त्याच खुर्चीवर बसला, पुन्हा चहा घेतला आणि तेच विचारलं. आम्ही सगळे हसलो. बाबा म्हणाले, "थट्टा करतोय. स्वभावच आहे त्याचा." दादाही हसला, पण आमच्यानंतर, आमच्या तोंडांकडे बघून. हे मला आत्ता आठवतं. तेव्हा टॅक्सी खाली उभी होती.

त्याला सोळा वर्षं झाली. हे लिहितोय ते आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सगळ्यांसाठी, जे तिथेच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात. जे झालं ते आपण कोणी ग्रुपवर लिहिलं नाही, म्हणून मी लिहितोय.

हरेशदादा आपल्या फुटबॉल क्लबचा डिफेंडर. कारखान्यातले कामगार आणि गावातली आगरी मुलं यांनी मिळून काढलेला क्लब, खाडीला लागून मैदान. दादाचं नाव कधी पेपरात आलं नाही. कल्याणच्या पुढे त्याला कोणी ओळखत नव्हतं. पण उंच आलेला बॉल तो डोक्याने परतवायचा तेव्हा तो आवाज मैदानाच्या लाइनीबाहेर ऐकू यायचा. कॉर्नर मिळाला की आपण सगळे एका आवाजात ओरडायचो, "डोकं, हरेश, डोकं!" आणि तो द्यायचा. बॉल खाडीत गेला तर चिखलात उतरून आणायचाही तोच.

इथे हॅमिल्टनला मी आधी वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करायचो, बेसमेंटमध्ये राहायचो. ड्राइव्ह-वेवरचा स्नो काढताना मनात त्या मैदानाची एक फेरी मारायचो. दोन वर्षं म्हणून आलेलो. मग पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, मग लग्न, मग मुलीची शाळा. दरम्यान आई-बाबा गेले, आपल्या खोल्या पाडल्या, मैदानावर टॉवर उभे राहिले. माझ्या डोक्यातलं मैदान मात्र तसंच होतं, आणि त्यावर हरेशदादा.

मागच्या वर्षी मीच ग्रुपवर विचारलं, हरेशदादा आठवतो का कुणाला? दोन दिवस आठवणींचा पाऊस पडला. कल्याणच्या टीमविरुद्ध डोक्याने मारलेला गोल सगळ्यांना आठवत होता. मिलिंद आता ठाकुर्लीला राहतो. त्याने लिहिलं की त्या गोलनंतर दादा समोरच्या टीमच्या बाकावर जाऊन बसलेला. हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. कुणी लिहिलं, एकदा मॅच संपल्यावर त्याने मैदानातून स्वतःच्या घराचा रस्ता विचारलेला. पुन्हा इमोजी. मी ते सगळं पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं नाही. तरी ते बाजूला सारून मी लिहिलं, आपण दादाचा सत्कार करूया.

दादाच्या बायकोला, सुरेखावहिनींना, फोन मीच केला. त्या म्हणाल्या की दादाला आता माणसं ओळखू येत नाहीत. इतकी वर्षं डोक्यावर मार बसला, त्याचंच हे असेल, असं डॉक्टरांना वाटतं, पण ते खात्रीने सांगत नाहीत. "भाऊजी, सत्कार नको. खेळ आठवला की ते घरात थांबत नाहीत."

मी म्हटलं, "एकच तास, वहिनी. लोकांना बघायचंय त्याला."

"हो, लोकांना बघायचंय," त्या म्हणाल्या, आणि तयार झाल्या. त्यांच्या आवाजात काय होतं ते मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

घोडबंदर रोडला भाड्याच्या टर्फवर रविवारी सकाळी सगळे जमले. मी व्हिडिओ कॉलवर होतो. शाल, नारळ, फोटो झाले. दादा शाल सावरत नुसता बघत होता. मग मिलिंदने बॉल वर टाकला आणि सगळे ओरडले, डोकं, हरेश. मीही ओरडलो, फोनवरून. दादाने शाल टाकली आणि बॉल अगदी पूर्वीसारखा परतवला. टाळ्या पडल्या. त्याने बॉल उचलून मिलिंदच्या हातात दिला. "टाक." पुन्हा. "टाक." सात-आठ वेळा झाल्यावर टाळ्या थांबल्या. त्याचं कपाळ लाल झालेलं. वहिनी चपलांसकट टर्फवर चालत आल्या आणि त्यांनी बॉल काढून घेतला.

"मॅच सुटली?" त्याने विचारलं.

"सुटली," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी तो घरातून गेला. ग्रुपवरचे सगळे शोधत फिरले, बाळकुमपासून थेट गायमुखपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी मासे धरणाऱ्यांना तो मैदानावरच्या टॉवरच्या मागे खाडीत सापडला. कमरेपर्यंत चिखलात होता आणि भरतीचं पाणी चढत होतं. बाहेर यायला तयार नव्हता. बॉल गेलाय, असं सांगत होता. वाचला, पण न्यूमोनियाने महिनाभर हॉस्पिटलात होता आणि त्यानंतर पहिल्यासारखा चालला नाही. मला कुणी काही म्हणालं नाही. वहिनीसुद्धा.

मला माझं घर जसंच्या तसं हवं होतं, आणि त्यासाठी मी एका आजारी माणसाला उभं केलं. हे इतकं साधं आहे. दूर गेलेल्यांना कोलशेत आठवायला आवडतं. वहिनींना तिथे रोज राहायचं असतं.

आता दर रविवारी मी त्यांना फोन करतो. खेळाचा विषय काढत नाही. दादा काय जेवला, झोपला का, एवढंच विचारतो. गेल्या रविवारी फोन त्यानेच उचलला. "कोन?" माझं नाव ओठांवर आलेलं. मी म्हटलं, वहिनींच्या ओळखीचा आहे. "थांबा, हिला बोलवतो," तो नीट म्हणाला आणि फोन कुठेतरी ठेवला. पावलं ऐकू आली. मग कडी सरकल्याचा आवाज.

मी हॅमिल्टनच्या किचनमध्ये उभा राहून ओरडत होतो, वहिनी, दार, दार बघा. मुलगी घाबरून आतून धावत आली. फोनमध्ये बराच वेळ काही नव्हतं, फक्त पंखा. मग भांडं पडलं, कुणीतरी पळालं, दार आपटलं.

वहिनी फोनवर आल्या तेव्हा त्यांना धाप लागलेली.

"हायेत," त्या म्हणाल्या. "घरात हायेत."