यादीत नसलेलं वर्ष

अक्षदा घाडीची ही पाचवी मुलाखत. पहिल्या वेळी तिने शेजारणीकडून इस्त्री मागून आणली होती. या वेळी दोरीवरचा जो कुर्ता हाताला लागला तो अंगात घातला आणि ती कॉटन ग्रीनच्या चाळीतून निघाली.

"खंय चललंस गो?" सासूबाई शेवंतीबाईंनी दारातच विचारलं.

"परळला. वेबसाइट बनवणारी कंपनी आहे, इंटर्न घेतायत."

"म्हणजे नोकरीच मा?"

"नोकरीच्या आधीचं, आई. शिकाऊ."

छत्तिसाव्या वर्षी शिकाऊ, असं शेवंतीबाई काही बोलल्या नाहीत. जिना उतरताना अक्षदानेच ते मनात बोलून घेतलं.

बारा वर्षं ती लालबागच्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायची. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, तेराव्याची कार्डं. मग लोक पत्रिका फोनवरच धाडायला लागले. एका दुपारी मालक वसंतराव म्हणाले, "मशीन विकतोय गं. तू काहीतरी नवीन शीक." ती शिकली. दादरच्या क्लासात विशीतल्या पोरांमध्ये वर्षभर बसली. पहिल्या दिवशी तर ती आत शिरली तशी पोरं उठून उभी राहिली; त्यांना वाटलं, हीच शिकवणार.

परळच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटीत लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून ती गाळ्यात पोचली तेव्हा घसा कोरडा पडला होता. समोर दोघं बसली होती. पूर्वी नावाची पंचविशीची मुलगी प्रश्न विचारणार होती आणि कंपनीचा मालक अमित लॅपटॉपमध्ये डोकं घालून होता.

"स्वतः बनवलेलं काही दाखवाल?" पूर्वीने विचारलं.

अक्षदाने फोन पुढे केला. वरळी कोळीवाड्यातली तिची मैत्रीण तुळसा मासळी विकते. तिच्यासाठी बनवलेलं ते पान होतं. आज काय आलंय, काय संपलंय, कुणाला किती हवंय, सगळं त्यावर दिसायचं. पूर्वीने गंमत म्हणून पापलेटवर बोट ठेवलं. 'संपले' असं आलं.

"हे खरंच चालू आहे?"

"सकाळी चाळीस गिऱ्हाइकं होती. तुळसाला टाइप करायला वेळ नसतो, हात ओले असतात. म्हणून बटणं मोठी ठेवलीत."

पूर्वी पुढे सरसावली. हा कोड असाच का लिहिला, एकाच वेळी दोघांनी शेवटचा मासा मागितला तर काय, असं तिने बरंच विचारलं. अक्षदाला बहुतेक जमलं. एका ठिकाणी ती सरळ म्हणाली, "हे मला येत नाही."

तेवढ्यात अमितने मान वर केली. "सीव्हीत पदवीचं वर्ष २०१० आहे. फॉर्ममध्ये तुम्ही २०१९ टाकलंय."

"यादीत त्याच्या आधीचं वर्षच नव्हतं. काहीतरी निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना."

"अरे, मग फॉर्म दुरुस्त करायला हवा," पूर्वी म्हणाली.

"चूक नाहीये ती," अमित शांतपणे म्हणाला. "आपल्याला फ्रेशर्सच हवे होते."

अक्षदाला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात त्राण लागतं. ती म्हणाली, "मग जाहिरातीत तसं लिहा ना. माझ्यासारखीचा दिवस तरी वाचेल."

अमितने लॅपटॉप मिटला. "उद्या पूर्वी तुमच्या कामात चुका काढेल. तुमच्याहून दहा वर्षांनी लहान आहे. चालेल?"

"बारा वर्षं लोकांनी माझ्या चुका काढल्यात, साहेब. नवरीच्या नावातली वेलांटी चुकली की अख्खं खानदान छापखान्यात यायचं. ही एकटीच असेल."

पूर्वी हसली. अमित हसला नाही. "कळवतो," एवढंच म्हणाला.

'कळवतो' हा शब्द तिने चार वेळा ऐकला होता. ती पायऱ्या उतरली, खाली टपरीवर उभ्याउभ्या चहा प्यायली आणि घरी आली.

शुक्रवारी दुपारी मेल आला. तीन महिने काम बघू, सोमवारपासून या. तिने तो दोनदा वाचला.

"काय झाला? घेतल्यानी?" शेवंतीबाईंनी विचारलं.

"घेतलं. तीन महिन्यांसाठी."

"मगे?"

"मगे काय ते तेव्हा बघूया."

आनंद झाला असावा, पण तो वर यायच्या आधीच अंग जड झालं. भरदुपारी तिने चटई पसरली आणि आडवी झाली. दोन मिनिटांत तिचा डोळा लागला. शेवंतीबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि दारात पोरं दंगा करत होती त्यांना हातानेच पलीकडे पिटाळलं.