आई नसलेली पुस्तकं

रतन गेल्याचं मला तिच्या नातीने सांगितलं. सकाळी मी दूध तापवत होते, तेव्हा समोरच्या दारातून ओवी आली. पहिलीत जाते ती. अंगात रात्रीचाच फ्रॉक, पायांत काही नाही. म्हणाली, "इंदूआजी, आजी उठत नाहीये. हात गार लागतोय तिचा." मी गॅस बंद केला आणि गेले. रतन भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपली होती आणि तिच्या पाठीमागे गादीवर ओवीच्या अंगाचा खळगा तसाच होता. पोर रात्रभर तिला चिकटून झोपली होती... त्यातला किती वेळ ती मेलेल्या बाईला चिकटून होती, हे मी डॉक्टरला विचारलं नाही. रतनचा मुलगा संदीप विमानतळावर रात्रपाळीला सामान चढवायला गेलेला. ओवी माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. मी सांगितलं, "आजी मेली."

या एका शब्दावरून आमच्या मजल्यावर फार बोलणं झालं. देवाघरी गेली म्हणायचं, तारा झाली म्हणायचं, एवढ्याशा पोरीला असं कोणी सांगतं का, इंदूबाईला काळीज आहे की दगड. संदीपसुद्धा आईच्या पायाशी बसून रडला आणि मग माझ्यावर उखडला. तो हळूहळू सांगणार होता म्हणे. आधी आजी हॉस्पिटलात आहे असं सांगायचं, मग बघू. मयताच्या घरात भांडायचं नसतं म्हणून मी गप्प बसले. आता महिना उलटून गेलाय, तेव्हा सांगते. मी जे केलं ते रतननेच शिकवलं होतं, आणि ते शिकताना तिचे फार हाल झाले होते.

घाटकोपरला आमची बिल्डिंग आहे त्याच जागी आधी चाळ होती. तिथेही आमची दारं समोरासमोर होती. रतन मालवणकडची, मी घाटावरची. माझ्या कालवणाला नावं ठेवल्याशिवाय तिला घास जात नसे, आणि जेवायला मात्र माझ्याकडे. ती काही देवमाणूस नव्हती. हट्टी होती, तोंडाळ होती, मासळीवालीशी रोज भांडायची आणि तिच्याकडूनच घ्यायची. शाळेच्या बाबतीत आम्ही दोघी सारख्याच. तिनेही चौथीला सोडली, मीही. मराठी वाचता येतं, इंग्रजी म्हटलं की मुंग्या चालल्यासारखं दिसतं. हे सांगते कारण पुढचं सगळं त्यावर घडलं.

संदीपची बायको दीपाली श्रावण लागताना काविळीने आजारी पडली आणि गणपतीच्या आधी गेली. ओवीला तेव्हा तिसरं सरलेलं. मयत हॉस्पिटलातून परस्पर नेलं, पोर माझ्याकडे होती. संध्याकाळी तिने आई कुठाय विचारलं, तेव्हा रतन म्हणाली, "आवस गावाक गेली हा." मी तिला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं की हे काय सांगितलंस. तर म्हणाली, "तुका काय कळता? चेडवाक कशाक रडवूचा?"

दुसऱ्या कुणाच्या घरात ही थाप खपूनही गेली असती. पण कोकणातल्या माणसाचं गाव ही सांगायची गोष्ट नसते, ती जायची जागा असते. बिल्डिंगमधला जो तो गावाला जातो आणि परत येतो. येताना खाजं आणतो, फणसाची साठं आणतो, आणि ती दारोदार वाटली जातात. ओवी प्रत्येक पिशवीत डोकं घालायची आणि आणणाऱ्याला विचारायची, माझी आई भेटली का? लोक काहीतरी सांगत. बरी आहे, आंबे काढतेय, तुला विचारत होती. एकीच्या थापेत सगळी बिल्डिंग सामील झाली. पहिल्या वर्षी सुतक होतं म्हणून रतन गणपतीला गावी गेली नाही. दुसऱ्या वर्षी सुतक नव्हतं, तरी गेली नाही. पोरीला नेलं तर ती आईला शोधणार, आणि ठेवून जावं तर आईकडे मला का नेत नाही म्हणून आकांत करणार. आयुष्यात गणपती न चुकवलेली बाई ते दिवस घाटकोपरात भिंतीकडे बघत बसली. घरच्या गणपतीची आरती तिने फोनवर ऐकली.

पुस्तकांचं प्रकरण यातूनच निघालं. ओवीला चित्रांच्या पुस्तकांचं वेड. स्टेशनच्या रस्त्याला शांतीभाईचं रद्दीचं दुकान आहे. टॉवरमधली पोरं मोठी झाली की त्यांची पुस्तकं तिथे येतात, सगळी इंग्रजी, जाड पानांची, रंगीत. शांतीभाई ती खोक्यात वेगळी ठेवतो. रतन आणि मी तिथे वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसून पुस्तकं निवडायचो. रतनची अट एकच होती, पुस्तकात आई नको. आईचं चित्र दिसलं की पोर विचारते, आणि विचारलं की रात्रभर झोपत नाही. म्हणून रतन अंगठा जिभेला लावून पान न् पान तपासायची. कोंबडी आणि पिल्लं, ठेव बाजूला. हत्तीण, ठेव. माकडीण पोटाशी पिल्लू घेऊन, ती तर आधीच. शांतीभाई एकदा म्हणाला, "रतनबेन, पुस्तक घ्यायचंय का स्थळ बघताय? एवढी खोड तर मुलीचा बापपण काढत नाही." रतनने त्याला त्याच्या बायकोवरून काहीतरी ऐकवलं. मी हसले. तिला हसू आलं नाही.

करून बघा तुम्ही. लहान मुलांच्या पुस्तकांचं खोकं समोर घ्या आणि आई नसलेली वेगळी काढा. ढिगातून हाताला काय लागतं? भाज्या, आकडे, आगीचा बंब, जेसीबी. दीड-दोन वर्षं त्या पोरीने बंब आणि जेसीबी बघितले. एकदा रतन तिला दाखवत होती, हा जेसीबी, हा माती काढतो, हा दगड उचलतो. ओवीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याची आई कुठाय?"

रतन उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

मग ते अस्वलाचं पुस्तक मिळालं. अस्वलबाप आणि त्याचं पिल्लू, बर्फातलं घर, चूल, सूप. रतनने पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा तपासलं, मीही तपासलं. आई कुठेही नव्हती. चित्रं इतकी सुंदर होती की आम्ही म्हाताऱ्याच हरखलो. त्या रात्री रतनने जेवणं झाल्यावर पोरीला मांडीवर घेऊन पुस्तक उघडलं. मी शेंगा सोलत बसले होते. अक्षरं वाचता येत नसल्यामुळे रतन चित्रांवरून गोष्ट रचायची, आणि झकास रचायची. बाबा लाकडं फोडता, बाळ सूप पिता... ओवी बघत होती. मग तिने एका चित्रावर बोट ठेवलं. दाराजवळच्या खुंटीला एक लाल गळपट्टा होता. रतन म्हणाली, बाबाचा असेल. ओवीने मागची पानं उलटली, पुढची उलटली. गळपट्टा प्रत्येक पानावर होता आणि कुणीच तो घालत नव्हतं, बाहेर एवढा बर्फ असून. टेबलाशी तिसरी खुर्ची होती, तिच्यावर कुणी बसत नव्हतं. शेवटच्या पानावर पिल्लू तो गळपट्टा उशाला घेऊन झोपलं होतं. आम्ही दोघींनी दोन-दोनदा बघूनही हे आम्हाला दिसलं नव्हतं. आम्ही आई आहे का तेवढंच बघत होतो.

ओवी म्हणाली, "हा आईचा आहे. ती मेलीय." मेली हा शब्द तिचाच होता. खिडकीच्या जाळीत कबुतर मरून पडलं होतं तेव्हा ती तो शिकली होती. मग ती रतनकडे वळली. "माझी आई गावाला नाहीये ना?"

रतनने पुस्तक मिटलं. मला वाटलं, ही आता पुन्हा काहीतरी रचणार. पण ती म्हणाली, "नाय गो बाय. नाय ती गावाक. मी खोटा बोललंय तुझ्याशी."

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या पोरीकडून मी ते पुस्तक वाचून घेतलं. आई मेल्यानंतर बाप आणि पिल्लू पहिला हिवाळा कसा काढतात, त्याचीच ती गोष्ट होती. पहिल्याच पानावर तसं लिहिलेलं होतं म्हणे. पुस्तकात आई नव्हती म्हणून आम्ही ते घेतलं, आणि आई का नव्हती ते इंग्रजीत होतं.

पोर रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिने आईला जाळलं का विचारलं, तेव्हा तिला भाजलं का विचारलं, बाबाला माहीत होतं का विचारलं. रतनने प्रत्येकाचं खरं उत्तर दिलं. मग ओवी माझ्याकडे राहायला आली. आजीशी बोलेना, तिच्या हातचं खाईना. रतन दारात ताट घेऊन उभी राहायची आणि तसंच परत न्यायची. "बरां झाला," ती मला एकदा म्हणाली, "माझ्यावर तरी राग काढता. आवशीवर काढला नसता." पण ती खंगली त्यानंतर. छातीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं. संदीपला ती पित्त म्हणून सांगत राहिली, आणि पोरीशी खोटं बोलायचं नाही ठरवलेल्या बाईने मुलाशी मात्र शेवटपर्यंत खोटं बोलून घेतलं. हा राग माझा तिच्यावर अजून आहे.

त्या वर्षी ती ओवीला घेऊन गणपतीला गावी गेली. पोरगी तिच्याशी बोलू लागली होती तोवर. घरात शिरल्या शिरल्या ओवीने प्रत्येक खोलीत जाऊन बघितलं, माळ्यावर बघितलं, विहिरीकडे बघितलं. आजीने अडवलं नाही. फिरून आल्यावर म्हणाली, "मला माहितीये ती नाहीये. मी फक्त बघून घेतलं." परत आल्यावर रतनने हे मला सांगितलं, आणि तिचं रडणं मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं. त्यानंतर शांतीभाईकडे ती पुस्तकं तपासेनाशी झाली. ओवीसमोर खोकं ठेवायची आणि स्वतः शांतीभाईशी भांडत बसायची.

तर अशा घरातली ती पोर त्या सकाळी माझ्या दारात आली होती. जिचा हात गार लागला तिला हॉस्पिटलात नेलंय म्हणून मी सांगायचं होतं?

संदीप बरेच दिवस माझ्याशी तुटक वागला. दिवसकार्य झाल्यावर त्याने ओवीची पुस्तकं चाळली आणि म्हाताऱ्या बायकांची चित्रं असलेली वेगळी काढून पिशवीत भरली. मी बघत होते. अडवलं नाही, कारण बाप तो आहे. पण एक पुस्तक ओवीच्या दप्तरात राहिलं होतं. परवा संध्याकाळी मी आमटी द्यायला गेले तर बापलेक रतनच्या कॉटवर बसले होते. ती गेल्यापासून त्या कॉटवर कुणी बसत नव्हतं. पुस्तक आजी आणि नात बाजारात जातात त्याचं. संदीप बारावी झालेला, त्याला इंग्रजी वाचता येतं. वाचता वाचता त्याने एक पान पुढे बघितलं, थांबला, आणि दोन पानं एकदम उलटली. ओवीने त्याचा हात धरला, आपला अंगठा जिभेला लावला आणि चिकटलेलं पान सुटं करून मागे घेतलं.

"हे राहिलं, बाबा."

त्या पानावर आजी खाटेवर झोपलेली होती आणि नात तिच्याजवळ बसली होती. पुढे काय होतं ते मला दारातून दिसत नव्हतं. संदीपने माझ्याकडे बघितलं. मी आमटीचं भांडं ओट्यावर ठेवलं. मग तो ते पान वाचायला लागला.