पाहुणीचं झाड

दोरवाल्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. चहाच्या आधी तो दोर तपासायचा, दिवा न लावता, वीत वीत हातातून सरकवत. दोराचा पीळ सुटला असेल तर डोळा चुकतो, बोटं चुकत नाहीत.

"माझी नाडी कधी एवढी पाहिली नाहीत," बायको स्टोव्ह पेटवताना म्हणायची.

"तुला धरून मी लोंबकळत नाही," तो म्हणायचा.

रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या विजेच्या तारांना लागतात, त्या उतरवणं हे त्याचं काम. फांदी पाडणं कोणालाही जमतं, उतरवणं वेगळं. आधी खालून खाच, मग वरून करवत, म्हणजे साल फाटत नाही. फांदी दोरावर तोलून जमिनीला अलगद टेकवायची. कापल्या जागी डांबर फासायचं. आणि या सगळ्याआधी खोड कोयत्यानं खरवडून साफ करायचं, पाय घसरू नये म्हणून. खोडावर उगवलेल्या कशालाही त्याच्या कामाच्या टोळीत एकच नाव होतं, बांडगूळ.

"सगळीच बांडगुळं नसतात," बायकोनं एकदा सांगितलं. "आमच्याकडे पाहुणी असते. झाडावर बसते, पण झाडाचं खात नाही."

तिच्या माहेरी घरामागे एक जुनं झाड होतं. फांद्या फुटतात त्या बेचक्यात पाहुणी बसलेली. अंगठ्याएवढी पानं, सालीला चिकटलेली पांढरी मुळं, तांदळाच्या दाण्याएवढी फुलं. वास फक्त पहाटे, ऊन चढलं की गेला. लहानपणी ती उठली की आधी परसात जायची. लग्न होऊन या खोलीत आली. खोलीला खिडकी एक आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. मुलं, त्यांच्या शाळा, तिचं शिवणकाम. माहेरी जाणं व्हायचं ते कोणाच्या लग्नाला नाहीतर मयताला, आणि तेव्हा नेमकी फुलं नसायची. फुलायचे दिवस आले की ती पहाटे खिडकी उघडून उभी राहायची. समोरून वास यायचा तो वाळत घातलेल्या कपड्यांच्या साबणाचा.

एकदा कोयता उगारलेला असतानाच त्याला अंगठ्याएवढी पानं दिसली. हात थांबला.

"वर झोप लागली का?" खालून मुकादम ओरडला.

पाहुणी बसली होती तेवढा फांदीचा हातभर तुकडा त्यानं वेगळा कापला, दोरानं उतरवला, पोत्यात गुंडाळून घरी आणला. चोख माणूस. तुकड्याच्या दोन्ही तोंडांना डांबर फासलं, चांगले जाड थर दिले. पाहुणीची मुळं तोंडापर्यंत पसरलेली होती, ती डांबराखाली गेली. खिडकीत टांगलेली पाहुणी हळूहळू सुकली.

"पाय चिकटवलेत तिचे," बायको हसून म्हणाली. "जाऊ नये म्हणून."

मुलं आपापल्या कामाला लागली. दोरवाल्याचे गुडघे आणि खांदे कुरकुरू लागले. हातकरवतीनं जाड फांदी कापायची म्हणजे दंडाचा पिट्ट्या पडतो. यंत्राची करवत घ्यावी म्हणून तो वर्षानुवर्षं मजुरीतून बाजूला टाकत होता. ती घ्यायची वेळ आली आणि मेव्हण्याचा निरोप आला. घरामागचं झाड विकतोय, वखारवाला चुन्याची खूण करून गेलाय.

बायकोनं ऐकून घेतलं आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी परत घासली.

दुसऱ्या दिवशी दोरवाल्यानं उलट निरोप धाडला, वखारवाला देतो ते मी देतो. मग सुट्टी काढून दोघं गेले. पोचले तेव्हा अजून अंधार होता.

"दाजी, एवढं झाड नेणार कशात?" मेव्हण्यानं विचारलं.

"नेणार नाही."

"मग तोडणार कधी?"

"तोडणार नाही."

मेव्हणा बहिणीकडे वळला. "ताई, यांना ऊन लागलं का?"

"अजून उजाडायचंय," ती म्हणाली.

दोरवाला झाडावर चढला. खोड न खरवडता तो पहिल्यांदाच चढत होता. पायाच्या बोटांनी मोकळी साल चाचपायची, मगच भार टाकायचा. चढायला दुप्पट वेळ लागला, तोवर फटफटलं.

"तिच्यावर पाय देऊ नका," खालून बायको.

"नाही देत."

"फुललीय?"

तो बेचक्याशी वाकला. "कळ्या आहेत. चार-सहा दिवस लागतील."

सुट्टी उद्यापर्यंतच होती.

"तू राहा," खाली उतरून तो म्हणाला.

"भावाकडे मीही आता पाहुणीच," ती म्हणाली. "आणि मला रोज खायला लागतं." तिनं चुन्याची खूण पदरानं पुसली. पूर्ण गेली नाही.

दोघं परत आले. आठवडाभरानं पहाटे साडेचारला तिनं खिडकी उघडली.

"आज फुलली असेल," ती म्हणाली.

"असेल," तो म्हणाला. दोर त्याच्या हातातून सरकत होता. कोपऱ्यात जुनी हातकरवत, कालच कानशीनं दात घासून ठेवलेली. नव्या करवतीचे पैसे एका परसात उभे होते, मुळापासून शेंड्यापर्यंत.

तिनं खिडकी उजाडेपर्यंत उघडी ठेवली.