रफू केलेला सदरा

लेक हाय खाऊन बसेल, या घोराने आईला काही सुचेना. लेक शिवणकाम करायची. फाटकं कापड दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. सिग्नल तोडून आलेल्या गाडीने तिच्या नवऱ्याला चिरडलं आणि चालक पळाला. हॉस्पिटलातून मिळालेला नवऱ्याचा सदरा तिने नेहमीच्या सवयीने धुतला, रफू केला. पोलीस म्हणाले, "बाई, त्यावर गाडीचा रंग असणार. पुरावाच धुतलात!"

तेव्हापासून मशीन बंद. सदरा खुंटीवर, आत माणूस असल्यासारखा. आणि ती त्याच्याकडे बघत बसलेली.

"आई, मीच सोडवलं गं त्या गाडीवाल्याला."

"वेडाबाई, तू सदरा शिवलास, गाडी नाही चालवलीस!"

"मावशी तर म्हणते, अपघात होता, नशीब म्हणायचं."

"मावशीच्या घरी चोरी झाली तेव्हा नाही म्हणाली ती नशीब!"

लेक हसली नाही. तिचा हात पुन्हा सदऱ्याच्या बाहीकडे गेला.

गुन्ह्यात होरपळलेल्यांसाठी मदत केंद्र होतं. ते मारहाण, दरोडा झालेल्यांसाठी असतं, आपल्यासाठी नाही, असं आई आजवर समजत होती. आता तिने तिथेच फोन लावायचं ठरवलं. अपघात म्हणायचंच नाही. गुन्हा झालाय, माझ्या लेकीला सांभाळा, म्हणायचं.