निळ्या चित्रातला गुलाबी माणूस

दर्यापूरच्या पाहुण्यांना आमच्या बैठकीत एक उघडी बाई दिसली, तेव्हा माझी बायको पुण्याला होती आणि मुलगा हैदराबादला. म्हणजे माझ्या बाजूनं बोलायला घरात कोणीच नव्हतं.

त्या वर्षांत मी कृषी सहायक म्हणून अकोल्यात नोकरीला होतो. लेकीला जुळं झालं म्हणून सुलभा, माझी बायको, महिनाभरासाठी पुण्याला गेली आणि तो महिना लांबत लांबत दिवाळी ओलांडून गेला. दिवसा मी खेड्यांवर फिरायचो. कपाशीची वाईट वर्षं होती ती. पूर्वी पारावरची माणसं हाक मारून चहा पाजायची; आता माझी मोटारसायकल दिसली की तोंड फिरवायची. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी फवारणी समजावून सांगायचो आणि फवारायला शेतात काही उभंच नसायचं. संध्याकाळी घरी यायचो, कुलूप काढायचो आणि रिकाम्या घराला "आलो रे" म्हणायचो. (ही सवय कोणाला सांगितली नव्हती.)

एकदा भिंतीवरच्या फोटोची काच तडकली म्हणून फ्रेमवाल्या रहीमभाईंकडे गेलो. दुकानात भिंतीला टेकवून एक मोठं चित्र ठेवलं होतं. वर निळं, खाली निळं, मध्ये पिवळा पट्टा आणि त्यावर रंगांचे नुसते तुकडे.

"हे काय आहे, भाई?"

"समुंदर आहे साहेब. बाहेरदेशच्या कोन्या पेंटरचा. हे छापेल हाये. एका डॉक्टरनं दवाखान्यासाठी फ्रेम करून घेतली, मंग म्हणे पेशंट घाबरतीन."

"अन् हे लाल तिकोन?"

"छत्र्या असतीन."

"पाऊस तं दिसत नाही."

"तिकडं उन्हातई छत्री लावतात. बडे लोग. न्या तुमीच, माही जागा अडवून राहिलं हे."

मी ते आणलं आणि बैठकीत दिवाणाच्या वर टांगलं. समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे तो असाच असतो हे मान्य करायला मला काही अडचण आली नाही. बघता बघता त्यात ओळखीचं काहीतरी दिसू लागलं. सगळ्या छत्र्या एका बाजूला गर्दी करून होत्या आणि दुसऱ्या बाजूला, वाळूवर, एक गुलाबी आकार एकटाच होता. हा माणूस आहे, असं मी ठरवून टाकलं. आपल्याकडं पाठ करून, गुडघे जवळ घेऊन बसलेला. वयानं माझ्याएवढा.

सुरुवातीला मी त्याच्यासमोर नुसता चहा प्यायचो. मग "काय म्हणता?" विचारू लागलो. मग बोंडअळी, साहेबांचा स्वभाव, वरणात मीठ जास्त झालं ते. ऐकून घेण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

याच काळात मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती. दर्यापूरच्या शेषरावजींची मुलगी आम्हाला पसंत होती. सुलभा परत आली की ते आमचं घर पाहायला येणार होते. पण शेषरावजींच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अकोल्यात झालं होतं आणि डोळा दाखवायला आलेली मंडळी तपासणी आटोपून थेट आमच्याच दारात उतरली. शेषरावजी, त्यांच्या सौभाग्यवती आणि काळ्या चष्म्यातली आजी. मी त्यांना चित्रासमोरच्या खुर्च्यांवर बसवलं आणि चहा टाकायला आत गेलो.

चहा घेऊन आलो तर आजीनं चष्मा कपाळावर चढवला होता. नवी नजर मिळाली होती आणि ती दिसेल त्या वस्तूवर वापरून पाहत होती.

"काऊन रे शेषराव, त्या बाईच्या आंगावर लुगडं काऊन नाही?"

"कोणती बाई?"

"ते काय बसली. गुलाबी."

सगळ्यांनी वर पाहिलं. वाईट म्हणजे मीही पाहिलं, आणि मलाही पाठ, कंबर, अंबाडा, सगळं दिसलं. शेषरावजी फरशीकडं पाहू लागले. त्यांच्या सौभाग्यवतींनी स्वतःचा पदर असा ओढून घेतला, जणू त्यातला थोडा चित्रातल्या बाईलाही पुरणार होता.

"बाई नाही आजी, माणूस आहे तो," मी म्हणालो.

"तुमाले कसं मालूम?"

इथं गप्प बसायला हवं होतं. "मी रोज संध्याकाळी बोलतो ना त्याच्यासंगं."

शेषरावजींनी उचललेला कप खाली ठेवला. मी घाईनं सावरून घेतलं, "म्हणजे तो काही बोलत नाही. मीच बोलतो."

मग चित्रावर टॉवेल टाकावा म्हणून मी दिवाणावर चढलो. टॉवेल टिकेना. ओढाताणीत खिळा निघाला आणि चित्र माझ्या अंगावर आलं. दोन्ही हातांनी त्याला कवटाळून मी दिवाणावर उभा असताना शेषरावजी उठले. "येतो आमी."

त्याच संध्याकाळी पुण्याहून फोन आला. "हे काय ऐकून राहिली मी?" इतके महिने मी फोनवर "करमत नाही" म्हणायचो तेव्हा "टीव्ही लावा" म्हणणारी सुलभा दुसऱ्या दिवशी गाडीत बसली.

घरात आल्या आल्या पिशवी खाली ठेवून ती चित्रासमोर उभी राहिली.

"हे बाई?"

"आजी तसं म्हणते."

"अन् तुमी?"

"मले माणूस वाटला."

"होडी आहे ते," ती म्हणाली. "वाळूवर पालथी घातलेली."

मी पाहिलं. होडीच होती.

ती चप्पल न काढताच दिवाणावर बसली. "इतके दिवस तुमी होडीसंगं बोलून राहिले? मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगतच होतो. तू टीव्ही लावाले सांगत होती."

ती उठली. चहा करते म्हणून आत गेली आणि बराच वेळ गॅस पेटवल्याचा आवाज आला नाही.

आठवडाभर राहून ती पुन्हा पुण्याला गेली. जुळ्यांना सर्दी झाली होती. स्टेशनवरून परत येऊन कुलूप काढतो तोच आत फोन वाजला. शेषरावजी होते.

"आमाले पसंत आहे."

"अन् ते... चित्राचं?"

"मायनंच फैसला केला. म्हणे, बायको घरी नाही, पोरगा दूर, अन् हा माणूस करते काय, तं भिंतीसंगं बोलते. अशा सासऱ्यापासून पोरीले काय तरास होणार?"

एवढी आनंदाची बातमी, पण ऐकायला घरात कोणी नव्हतं. (होडीला सांगायची आता लाज वाटत होती.)

लग्न दर्यापूरला झालं. मांडवात वधूपक्षाची एक चिमुरडी अक्षता वाटत होती. माझ्यापर्यंत आली आणि बिचकून थबकली. माझी कीर्ती बहुधा तिच्याही कानावर गेली असावी. आजीनं लांबून पाहिलं आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात तिला धीर दिला,

"जाय वं पोरी, जाय. काई करत नाही ते."